दादाच्या आधी सोडलेला नारळ

करंजा, २१ ऑगस्ट २०२४

चि. गुणास काशिरामदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी राखी परेशने पौर्णिमेच्या सकाळीच आणून दिली. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून लिहितोय.

परवा नारळीपौर्णिमेला नवलच झालं. गावचा पाटील म्हणून पंचवीस वर्षं समुद्रात पहिला नारळ मी सोडतो, मग बाकीचे. या वेळी वाजतगाजत धक्क्यावर पोचलो, तर पंधरा-वीस नारळ आधीच पाण्यात तरंगत होते! भांडण नाही, शिवी नाही. सगळ्यांनी रामराम केला, चहासुद्धा पाजला. मी नारळ घेऊन बावळटासारखा उभा, शेवटी तसाच घरी आलो. मासळी वाळवायच्या जागेवर गोदाम होणार त्याचा राग म्हणावा, तर तोंडावर कोणी काही बोललेलं नाही. गावाला झालंय तरी काय? सुरुवात कोणी केली, तुझ्या परेशला विचारून कळव. तो तिथेच होता.

माया आटू देऊ नकोस.
काशिरामदादा

रोडपाली, पनवेल, २५ ऑगस्ट

ती. दादास गुणाचा शि. सा. न. वि. वि.

परेशला कशाला विचारू? पहिला नारळ माझाच होता. राखीबरोबर तोही मीच पाठवला आणि मामाची वाट न बघता सोड, असं लेकाला बजावलं.

दादा, जिथे आई मासळी वाळवायची आणि मी कावळे हाकायचे, ती जागा गोदामाला द्यायची सही तू एकट्याने पनवेलला येऊन केलीस. जाताना माझ्याकडे कोलंबीचं कालवण जेवलास, पण एक शब्द काढला नाहीस. मग गावाला सांगितलंस, की तुमच्या भल्याचंच केलंय. दादा बोलतो म्हणजे बरोबरच हाय, असं म्हणणाऱ्या आम्ही बायका. आता ते तोंडातून निघत नाही. जीव कमी झाला म्हणावं, तर राखी मी चार दुकानं पालथी घालून निवडली. मग नारळ का पाठवला? माझं मलाच कळेनासं झालंय. रागाच्या भरात गोळ्या चुकवू नकोस.

चुकलं असेल तर पोटात घाल.
तुझी गुणा

करंजा, २ सप्टेंबर

चि. गुणास आशीर्वाद.

चार दिवस तुझ्यावर रागावून बघितलं, जमलं नाही. काल त्या जागेवर गेलो. सही मागे घेतो, असं तिथे मासळी वाळवणाऱ्या बायकांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. तर त्यांच्यातली गंगाबाई म्हणाली, की हेपण तुमी एकट्यानंच ठरवलं. तसाच त्यांच्यात खाली बसलो.

राखी हातातच आहे. नारळ देव्हाऱ्यात पडून आहे. तो आता कोणाच्या मागून सोडायचा, हे मला कोणी सांगत नाही. तू येशील का?

तुझाच,
दादा