तळवड्याची पाटी

शनि., ८ फेब्रु.
पिंपरीत अल्पसंख्याक उद्योजकांचा वर्ग. पुन्हा तेच हारतुरे, तोच फ्लेक्स, माझ्या नावापुढे 'मार्गदर्शक'. तीस वर्षं कंपनीत क्वालिटी बघितली म्हणून. माझ्या वाट्याला वैशाली आलीय. तळवड्यात शेड, दोन प्रेस मशीन, सात बायका. पत्र्याचे ब्रॅकेट काढतात. चाकणच्या कंपनीने सँपल पास केलंय, ऑडिट बाकी. ऑर्डर नाही मिळाली तर एक मशीन विकणार, तिघींना घरी बसवणार. काम चोख आहे पोरीचं. मी काय शिकवणार, कपाळ?

बुध., १२
शेडवर गेलो. दारावर हीऽ मोठी निळी पाटी: धम्मदीप इंजिनिअरिंग. म्हटलं, ऑडिटच्या आधी बदल. डी. डी. इंजिनिअरिंग कर.
"का सर? नाव पप्पांनी ठेवलंय."
"आत यायच्या आधीच माणसं पाटी वाचून ठरवतात. मला विचार."
मग सांगितलंच. नोकरीला लागायच्या आधी मूळ आडनाव टाकलं, गावावरून नवं घेतलं. तीस वर्षांत कंपनीत कुणाला जय भीम केला नाही. "माझं काय बिघडलं?"
ती प्रेसकडे वळली. मला वाटलं, पटलं.

मंगळ., १८
पाटी बदलली. पांढरी, दवाखान्यासारखी. प्रेसवरच्या रत्नाताई मला म्हणाल्या, "सायेब, आमीबी घरून नावं बदलून यायची का?" बाकीच्या हसल्या. मीही हसलो. घरी येईपर्यंत त्या बाईचा राग राग आला. तिचं काय चुकलं होतं?

सोम., २४
ऑडिट. कंपनीकडून आलेला पोरगा तिशीतला, सभ्य. मोजमापाचे गेज, नापास मालाचा लाल डबा, सगळं पास. मग कागद. जीएसटी, गेजचे दाखले, सगळीकडे धम्मदीप. दारावर डी. डी.
"मॅडम, फर्म दोन आहेत का? काम बाहेरून करून घेता?"
ऑडिट थांबलं. कागदावर एक आणि जागेवर दुसरं, हे लोकांच्या शेडमध्ये मी पाच मिनिटांत पकडायचो. इथे मीच करून ठेवलं.
"पाटी का बदलली?" वै.ने माझ्याकडे बघितलं. मी खाली. "माझाच निर्णय होता," ती म्हणाली. मी निर्लज्जासारखा चहा प्यालो.

मंगळ., २५
कंपनीने लेखी खुलासा मागितलाय. गुरुवारी दुपारी बारापर्यंत, मार्गदर्शकाच्या सहीने. वर्गाचे आयोजक फोनवर: "पेंटरची चूक म्हणा राव, विषय संपला."
नंतर वै.: "सर, जुनी पाटी परत लावली मी. खोटं लिहिणार असाल तर सही करू नका. ऑर्डर गेली तर गेली."
पोटाचा प्रश्न तिचा, आणि धीटही तीच. मी रिटायर्ड. माझं आता कोण काय वाकडं करणार? तरी लिहायला बसत नाही. लाज वाटते.

गुरु., २७
खुलासा तिकडच्या परचेस प्रमुखाकडे जाणार. तो माझा जुना ज्युनिअर, दर दिवाळीला सहकुटुंब फराळाला येतो. त्याला वाटतं, मी त्याच्यातलाच. घरात हिला विचारलं. म्हणाली, "लिहा की. पण मग मुलाच्या सासरीही कळेल, तेवढं बघा."
सकाळपासून चार कागद फाडले. पाचव्यावर पहिलं वाक्य झालंय: पाटी मी बदलायला लावली. त्यापुढे नुसतंच 'कारण'.
साडेअकरा वाजलेत.