बू मुर्यातींचा चरचरणारा 'स'

सोलो, मंगळवार, जेवणानंतर

आदरणीय म्बाक रेत्नो,

धाकट्या भावाचा तुझ्या गुडघ्यांवर डोकं टेकवून नमस्कार. (गुडघे अजून दुखत असतील तर अगदी हलकेच टेकवलंय असं समज.) सेमारांगला सगळे सुखरूप असतील, भावोजींचा खोकला थांबला असेल आणि सिगरेट थांबली नसेल, असं धरून चालतो. इथे तुझ्या भावजयीची, तितिकची, तब्येत झकास आहे. शनिवारपासून ती माझ्याकडे बघून हसतेय. का, ते तिच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

बू मुर्याती तुला आठवतील. तुझ्या लग्नात केरोंचोंगची जुनी गाणी गायल्या होत्या आणि तुझ्या सासूबाईंनी (त्या बाईंनी!) चक्क डोळे पुसले होते, त्याच. आता बहात्तरच्या आहेत, दम पुरत नाही. आवाज बसायच्या आत नातवंडांसाठी बारा गाणी भरून ठेवायची म्हणून माझ्या स्टुडिओत आल्या. आल्याच्या पाण्याचा थर्मास मांडीवर घेऊन चार दिवस गायल्या, आणि काय गायल्या! बासरीवाला स्वतःची जागा विसरून ऐकत बसला. अशी गाणी पुन्हा गाणं आता त्यांना जमणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं नि मलाही.

कॅसेट तयार झाली तेव्हा त्यांच्या जावयाने गल्लीभर आमंत्रणं दिली. फरशीचा दिवाणखाना, काचेचं कपाट आणि फ्रिजएवढा नवा स्टिरिओ. त्याने बटण दाबलं आणि म्बाक, बू मुर्यातींचा प्रत्येक 'स' उकळत्या तेलात क्रुपुकचे पापड सोडल्यासारखा चरचरला. बासरी कानात सुई घालून फिरवावी तशी. लोक आदराने दात आवळून बसले. (असं सगळे म्हणतात. मला स्वतःला कॅसेट छान वाटत होती, हे मुद्दाम नोंदवतो.) बू मुर्यातींनी गाणं संपेपर्यंत वाट पाहिली आणि हळूच विचारलं, "गुनार्दी, मी गात होते तेव्हा शेजारी कोणी पत्रा कापत होतं का?"

मी स्टिरिओला दोष दिला. जावयाचा चेहरा पडला, म्हणून मग फरशीला दिला. तिथून कॅसेट घेऊन न्हाव्याकडे गेलो, तिथे गिऱ्हाईक वस्तऱ्याखालून उठलं. मटणाच्या गोळ्यांचं सूप विकणारीकडे गेलो, तर ती म्हणाली, "पाक गुनार्दी, मांजरं जमतील, बंद करा." मग मात्र मी अक्कल चालवली. माझ्या स्टुडिओच्या भिंतींना कापसाच्या जुन्या गाद्या ठोकल्या आहेत (एक तुझी आहे, आता परत मागू नकोस). गाद्या बारीक, तीक्ष्ण आवाज गिळतात. त्यामुळे तिथे बसून ऐकताना गाणं मळकट वाटतं आणि हात आपोआप तीक्ष्ण आवाजांचं बटण वर सारतो. तीच कॅसेट फरशी-काचेच्या घरात वाजली की बाहेर पत्राच. सिद्धान्त बिनतोड होता. मी सगळ्या गाद्या उपटल्या, आठ दिवस खपून गाणी पुन्हा जुळवली. नवी कॅसेट पहिलीपेक्षा भयंकर निघाली.

शनिवारी दुपारी तितिक चहा घेऊन स्टुडिओत आली आणि दारातच थांबली.

"मास, ते बंद करा ना."

"काय बंद करू? टेप बंदच आहे."

"तुमचं घड्याळ. वाजतंय."

मी मनगट कानाला लावलं. काही नाही. तिने माझा हात धरून बटण दाबलं. म्हणाली, "दोन वर्षं रोज तीन वाजता वाजतं. मला वाटायचं, नमाजाची आठवण म्हणून तुम्ही वाजू देता."

म्बाक, मी तीस वर्षं लोकांचे कान दुरुस्त करत आलो, आणि माझ्याच हातावर वाजणारं मला ऐकू येत नव्हतं. जे मला ऐकू येत नव्हतं ते मी बटणाने वाढवत होतो, आणि लोक मुकाट सोसत होते. मी खुर्चीतून उठलो. तितिकला बसवलं. तिला केरोंचोंग ऐकलं की झोप येते, पण कान मांजराचे आहेत. मी बटण फिरवायचं, तिने "बस" म्हणायचं. दर वेळी ती "बस" म्हणायची तेव्हा मला वाटायचं, आता बाईंच्या तोंडावर चादर टाकली. तरी मी हात काढून घेत होतो. याहून कठीण काम मी आयुष्यात केलं नाही.

काल बू मुर्यातींनी ऐकलं. तिसऱ्या गाण्यावर पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "ही मीच आहे." कॅसेटवर ध्वनिमुद्रक म्हणून तितिकचं नाव हवं, असा त्यांचा आग्रह आहे. मी विचार करतोय असं सांगितलंय. छापखान्यात मात्र तिचंच नाव दिलंय.

तुझा,
गुनार्दी

ता. क. माझ्या कानांना काहीही झालेलं नाही. घड्याळच स्वस्तातलं.

ता. क. दुसरा. तुमच्या गल्लीतल्या कानाच्या डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची वेळ घेशील का? नाव भावोजींचं सांग. इथल्या डॉक्टरांकडे बू मुर्यातींचा भाचा चिठ्ठ्या फाडतो.

ता. क. तिसरा. आईचं बोलणं मी शाळेत असताना उसन्या यंत्रावर भरलं होतं, ती टेप तुझ्या कपाटात असेल. आवाज फार टोचतो, आई सतत ओरडतेय असं वाटतं, म्हणून तू ती कधी लावली नाहीस. ती मला दे. मला आता ती बरोबर ऐकू येईल.