तपासणीपुरतं पाळणाघर

भांडुप, ४ फेब्रुवारी २०२५

ती. गुणादादास,
नलीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस, चौथीच झालेय माझी.

मी टॉवरच्या साइटवर ऑफिसची झाडलोट आणि चहा बघते ना, तिथे परवा बिल्डरला पैसा पुरवणाऱ्या कंपनीच्या बाई तपासायला आल्या. मजुरांच्या पोरांसाठी पाळणाघर आहे, असं त्यांना सांगून ठेवलेलं. कसलं पाळणाघर, नुसती रंग मारलेली खोली. साहेब म्हणाले, स्वच्छ पोरं आणा, मजुरांची शेंबडी पोरं फोटोत नकोत. मी चाळीतली नेली, आपल्या राजेशची अपूर्वा पण. तिला पढवलं, आई विटा उचलते म्हणून सांग. नातीने झकास सांगितलं.

मजुरांची पोरं तेवढा वेळ मागच्या शेडमध्ये कोंडली. द्रौपदी म्हणून जालन्याची मजूर बाई आहे. तिची पोर पत्र्याखालून निसटली आणि ओल्या सिमेंटात खेळत बसली. सिमेंटाने भाजून दोन्ही पायांची कातडी सोलली. कडी मीच लावली होती, दादा. द्रौपदीला वाटतं, वॉचमनने लावली. मी तिच्यासमोर जात नाही.

वहिनीला सांगू नकोस. माया असू दे.
तुझी नली

मिठबाव, १३ फेब्रुवारी

चि. नलीस, गुणाजीचे अ. आ.

तुझं पत्र वहिनीनेच आधी वाचलं. माझा चष्मा तिच्याच नाकावर असतो. ती म्हणाली, कोंबडी कोंडतानासुद्धा आपण भोक बघतो गो.

मिलमध्ये तपासणी आली की आम्हीही मशीन पुसायचो, पण माणसं नाही लपवली. मला लिहून तुझं ओझं उतरेल, पोरीचं काय? द्रौपदीला सांग. त्या बाईंनाही सांग. कुळथाचं पीठ पाठवतोय.

घरी सगळी बरी आहेत. विसरू नये.
गुणाजी

भांडुप, ६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पीठ मिळालं. द्रौपदीला सांगितलं. ऐकून घेतलं तिने.

काल त्या बाई परत आल्या. साहेबांनी परत पोरं मागितली. मी द्रौपदीची पोर उचलली, पट्ट्यांसकट, आणि बाईंच्या पुढ्यात बसवली. कडीचं धरून सगळं सांगितलं. बाईंनी द्रौपदीला बोलावून विचारलं. ती म्हणाली, पोर चुलीपाशी भाजली, पाळणाघर रोज चालतं, या मावशी साहेबांवर खार खाऊन आहेत. बाई बरं म्हणाल्या आणि गेल्या.

साहेबांनी मला तिथेच कामावरून काढलं. निघताना मी द्रौपदीला नळावर गाठलं, खोटारडी म्हटलं. ती हंडा भरत राहिली. मग म्हणाली, तुमची खोली चाळीत आहे, माझं बिऱ्हाड साइटच्या आत. काम गेलं तर पोरीला घेऊन त्याच दिवशी रस्त्यावर. तुम्हाला लाज वाटत होती, ती उतरवायला माझी पोर नेलीत. मला विचारलंत का? तेव्हाही नाही, आत्ताही नाही.

मी तशीच घरी आले, दादा. तिला द्यायचं उत्तर तुला सुचलं तरी लिहू नकोस.

शिव्या दे, पण बहीण म्हणत जा.
नली