पायथ्याचा गार हात

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कॅज्युअल्टीत शिरताना माझा हात अजून टोपी सारखी करायला डोक्याकडे जातो. टोप्या केव्हाच बंद झाल्या, पण तुमचा धाक काही सुटत नाही. तुमचे हात भर मे महिन्यातही गार असायचे, आणि आम्ही मुली तुम्हाला पाठीमागे बर्फवाल्या बाई म्हणायचो. तुम्हाला ते ठाऊक होतं, हेही आम्हाला ठाऊक होतं. एक पाय सुजलेला, धाप लागलेला पेशंट आला की तुम्ही खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहायचात, घोट्यावर हात ठेवून. ‘आपल्या माणसांना पाय दुखला की पहिलं खोबरेल सुचतं,’ तुम्ही आम्हाला दटावायचात. ‘चोळून आतली रक्ताची गाठ सुटली तर थेट फुप्फुसात जाते. माया नंतर, आधी तो हात धरा.’

गेल्या आठवड्यात दुपारी असाच एकजण आला. आखातातून आदल्या दिवशीच परतलेला, विमानात आणि मग मुंबईहून गाडीत बसून बसून पोटरी टम्म झालेली. श्वास पुरत नव्हता. ‘सिस्टर, मी काय जगत नाय,’ म्हणाला. हे वाक्य पेशंट शांतपणे बोलला तर मशीनच्या आधी त्याच्यावर विश्वास ठेवा, असं तुम्ही सांगायचात. मी खाटेची डोक्याकडची बाजू उचलली, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक मारली. ईसीजी झाला, सलाईनची सुई लागली, रक्त पातळ करायचं इंजेक्शन गेलं. डॉक्टर स्कॅनची सोय बघायला गेले. मागे वळते तर त्याची आई पिशवीतून तेलाची बाटली काढतेय. ‘पाय आखडलाय गो बाय त्याचा, जरासा चोळतंय.’ तिला समजावून बाहेर बसवलं, पडदा ओढला.

आत तो आणि मी, दोघंच. मी उशाशी मास्क धरून उभी आहे आणि तो म्हणतो, ‘बाथरूमला जाऊन येतो,’ पाय खाली सोडायला लागतो. अशा वेळी चार पावलं चालला तरी जागीच कोसळू शकतो. मी ओरडते, पण पायापर्यंत माझा हात पोचत नाही. आणि तो एकदम थांबतो. पायथ्याकडे बघतो. ‘बरं, नाय उठत,’ म्हणतो. हे तो माझ्याशी बोलत नव्हता.

स्कॅनमध्ये फुप्फुसात गाठ निघाली. वाचला. काल वॉर्डात भेटायला गेले, तर विचारतो, ‘त्या दुसऱ्या सिस्टर कुठं हायत? केवढे गार हात त्यांचे! स्कॅनला नेईपर्यंत पाय सोडलाच नाय.’ ऑक्सिजन कमी पडला की असे भास होतात, हे मला माहीत आहे. तरी अंगावर काटा आला. ‘सुट्टीवर आहेत,’ म्हटलं.

हे पत्र आता भाट्याच्या पुलावरून घरी नेईन आणि कपाटात टाकीन, पाठवणार कुठे? पण एक सांगते, रागावू नका. काट्याच्या मागोमाग मला हेवा वाटला, फार हेवा. मी रोज त्याच खाटांपाशी उभी असते, आणि तुम्ही आलात ते एका परक्या माणसाच्या पायाशी. आज दुपारी ती खाट रिकामी होती. पडदा ओढला, चपला काढल्या, आडवी झाले. डोळे मिटून पाय उघडे ठेवले. कुणीच धरले नाहीत.