हिरामणची खोट

३ फेब्रुवारी १९४६
जागा एक आणि उभे राहणार दोघे — मी आणि हिरामण! घाटात रेल्वेच्या सांधेवाल्याची, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणाऱ्याची, जागा निघाली आहे. मला मिळाली की सुंदराशी माझी सुपारी फुटणार. नाही मिळाली तर संपलं. तिचा भाऊ बिननोकरीच्या माणसाला बहीण द्यायचा नाही. आणि तो भाऊ म्हणजे हाच हिरामण!

५ फेब्रुवारी
याच्याइतका संशयी प्राणी अख्ख्या खालापुरात नसेल. कुलूप लावून ओढतो, चार पावलं जाऊन परत येतो, पुन्हा ओढतो. झाडावरच्या कैऱ्यांना चुन्याच्या खुणा करतो. आईने वाढलेल्या कालवणातही आधी बोट घालून बघतो. याला कोण नोकरी देणार? तरी गाफील राहायला नको.

८ फेब्रुवारी
उद्या मुलाखत. रेल्वेचा साहेब प्रत्येकाला हमखास विचारतो म्हणे — तुझ्यात खोट काय?
हिरामण घाबरून माझ्याकडेच आला. "काय सांगू रं कान्हा? तू शिकलेला हायस." मी चेहरा गंभीर केला. म्हटलं, खरं ते सांग. कुणावरच विश्वास बसत नाही म्हणावं. कुलपाचंही सांग. साहेबाला खरं बोलणारा आवडतो.
त्याने मान डोलावली. पटलं त्याला! जन्मात पहिल्यांदा कुणावर विश्वास ठेवला, तो माझ्यावर!
संध्याकाळी विहिरीवर सुंदरा भेटली. राहवलं नाही, सगळं सांगितलं. तुझा दादा उद्या आपल्याच तोंडाने बुडतो बघ, मग आपलं जमलं. ती तशीच घागर उचलून गेली. लाजली असणार.

९ फेब्रुवारी
कर्जतला जाऊन आलो. मी झकास बोललो — साहेब, माझं मन फार मोकळं, कुणाला नाही म्हणवत नाही, हीच काय ती खोट. साहेब हसला.
मग हिरामण. दारातून ऐकत होतो. "माजा कुनावर इस्वास बसत नाय साहेब. आयवर पन नाय." कारकून तोंडावर रुमाल धरून हसला. बिचारा हिरामण!

११ फेब्रुवारी
त्याला घेतलं! त्या हिरामणला!!
कारकुनाने वर समजावून सांगितलं. घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक गेला असेल असंच धरून चालायचं. म्हणून सांधा कायम चढावरच्या बंद फाट्याकडे लावलेला, म्हणजे सुटलेली गाडी तिथंच अडते. गाडी थांबली, ड्रायव्हरने शिट्टी दिली, तरच तिला पुढचा रस्ता द्यायचा. "तिथं असलाच माणूस लागतो. तुम्ही मोकळ्या मनाने कुणालाही सोडाल!" सगळी कचेरी हसली. मेले सगळे.

१२ फेब्रुवारी
अंगात कणकण. घराबाहेर पडलो नाही.

१७ फेब्रुवारी
हिरामण गूळखोबरं घेऊन आला. डोळ्यांत पाणी! "तुझ्यामुळं रं कान्हा. तुला नोकरी नसली तरी सुंदरा तुलाच देनार. तुझ्यावानी सच्चा मानूस मी बघितला नाय."
मूर्ख! स्वतःची खोटसुद्धा धड सांभाळता येत नाही. मी गूळ खाल्ला. गोड होता. जागा गेली तर गेली, सुंदरा आली!

२० फेब्रुवारी
सुंदरा विहिरीवर वाट बघत होती. माझ्याकडे न बघताच बोलली.
"दादाला मी कायबी सांगितलं नाय. अख्ख्या जगात त्याचा तुझ्या एकट्यावर इस्वास बसलाय, तो मी मोडनार नाय. पन दादाच्यावानी माझा सांधाबी फाट्याकडंच ऱ्हाईल, तुला फुडं रस्ता नाय. लग्नाला 'नाय' तूच म्हनायचं. कारन तूच शोध, तुला जमतं."
आत्ता दारात हिरामण हाका मारतो आहे. लग्नाची तिथी काढायला भटजींकडे जायचं म्हणतो.