होईल सर

३ मार्च, सकाळी ७
हॉटेलच्या रिसेप्शनवर बावीस वर्षं काढली, पण एकाही गेस्टला 'नाही' म्हटलं नाही. गेल्या महिन्यात बाल्कनीवाली एकच खोली आणि तिघांना 'होईल सर'. तिन्ही कुटुंबं एकाच दुपारी बॅगा घेऊन हजर! मॅनेजरने मला घरी पाठवलं. विश्रांतीसाठी. बोलावतीलच परत.
तोवर करिअर गायडन्स. विद्यार्थिनी एकच, आमची लेक. नव्या मोठ्या हॉटेलात रिसेप्शनसाठी १८ तारखेला तिचा इंटरव्ह्यू. ती आत शिरली की माझ्यासाठी शब्द टाकेल. हा प्लॅन बायकोला सांगितलेला नाही. उगाच डोळे वटारते.

४ मार्च
क्लास पाचला. लेक आली साडेपाचला. धडा पहिला, हसू. आरशासमोर करून दाखवलं. बायकोने विचारलं, दाढ दुखतेय का.

७ मार्च
धडा दुसरा. 'नाही' शब्द विसरणे. लेकीने विचारलं, खोलीच नसेल तर? म्हटलं, होईल म्हणायचं आणि रजिस्टरात मान घालायची. गेस्ट दमतो.
तिने विचारलं, त्या तीन कुटुंबांतलं एक बाळ त्या दिवशी लॉबीत चार तास रडत होतं, ते दमलं का?
तोंड फार चालतं हिचं. क्लास लवकर सोडला. ते रडणं अजून कानातून जात नाही, ते सोडा.

१० मार्च
मॅनेजरला फोन. मीटिंगमध्ये आहेत.

११ मार्च
मीटिंगमध्येच आहेत. मोठी माणसं, मीटिंगा लांबणारच.

१३ मार्च, दुपारी १
सहज हॉटेलवरून चक्कर. माझ्या जागी एक मुलगी उभी. गेस्टला तोंडावर म्हणाली, सॉरी, आज खोली नाही. तो चक्क थँक यू म्हणून निघून गेला! हल्ली गेस्टही बिघडलेत.
दरवानाने सलाम केला आणि विचारलं, कुणाला भेटायचंय? बावीस वर्षं ह्याच दारातून आत जात होतो मी. फार लागलं मनाला.

१७ मार्च
रंगीत तालीम. लेक रिसेप्शनिस्ट, बायको गेस्ट, मी परीक्षक. मध्येच बायकोने गेस्टपणा सोडून मला विचारलं, तुमच्या कामाचं काय? म्हटलं, होईल. ती उठून आत गेली. बहुतेक डोळे पुसत होती. तालीम अर्धवट राहिली.

१८ मार्च, दुपारी ३
सिलेक्ट!! त्यांनी विचारलं म्हणे, हॉटेल फुल आहे, गेस्ट दारात उभा, काय कराल? लेक म्हणाली, आधी स्पष्ट नाही सांगेन. मग बसवून पाणी देईन. मग दुसरीकडे सोय करून पत्ता हातात देईन. हे कुठे शिकलात, म्हणून विचारलं तर म्हणाली, घरी, बाबांकडून.
छाती फुगली. धडा जरा उलटा गिरवलाय पोरीने, पण नाव माझंच घेतलं ना!

२ एप्रिल
लेक नोकरीत रुळली. माझा अर्ज तयार, फोटो तयार, कोट इस्त्रीचा. उद्या तिला सांगणार. पोटची पोर, नाही कशी म्हणेल?

३ एप्रिल, संध्याकाळी ६
सांगितलं. म्हटलं, तुझ्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाक.
ती उभी राहिली. माझ्याकडे नीट बघून हळू आवाजात म्हणाली, नाही बाबा, तिथे नाही होणार. मग मला खुर्चीत बसवलं. पाणी आणून दिलं. मग पर्समधून चिठ्ठी काढली. बस स्टँडमागच्या लॉजचा पत्ता. गेस्टचं सामान ठेवायच्या खोलीवर माणूस हवाय, ती बोलून आलीय. बॅग घ्यायची, बिल्ला द्यायचा. कुणाला कसला शब्द द्यायचा नाही.
आवाज जराही चढला नाही तिचा. तक्रार करायला जागाच ठेवली नाही.
पाणी प्यायलो. तोंडातून थँक यू निघून गेलं.
उद्या साडेनऊला जायचंय.