आशीर्वादाची पिशवी

आदरणीय नुर्पेइस मामांना,

तुमच्या धाकट्या बहिणीची मुलगी अक्मारल हिचा वाकून सलाम. तुमची जनावरं आणि माणसं खुशाल आहेत ना? (गेल्या पत्रात माणसांचं आधी विचारलं, तेव्हा "घोड्यांनी तुझं काय वाईट केलंय?" असं तुम्ही म्हणालात, म्हणून क्रम बदलला आहे.) मामींच्या गुडघ्यांना उतार पडला असावा. लंगड्या घोडीला शिंगरू झालं का, तेही कळवा. आम्ही इथे सगळे खुशाल आहोत. हे वाक्य पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ते खरं नाही, आणि तुम्हाला खोटं लिहिणं माझ्या जिवावर येतं, म्हणून पुढे खरं तेच लिहिते. फोन केला असता, पण तुम्ही फोनवर बोलता ते डोंगरापलीकडच्या गुराख्यालाही ऐकू जातं. म्हणून तोक्तार टॅक्सीवाल्याच्या हाती हे पत्र आणि एक पिशवी देते आहे. पत्र पूर्ण वाचल्याशिवाय पिशवी उघडू नका.

माझ्या एर्नारला शेंगदाणा चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. "चालत नाही" हे माझ्या सासूबाईंना पटतच नसे. माझ्या सासऱ्यांना मासे चालत नसत, तरी ते बिचारे मुकाट्याने खात. नातवाला मात्र एका दाण्याच्या भुग्यानेही ओठ सुजतात आणि श्वास अडकतो, हे त्यांना माझ्या शिक्षणातून उपजलेलं खूळ वाटे. ("आमच्या वेळी मुलं माती खायची. तुझ्या पोराला चॉकलेट सोसेना?") आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही तुमच्यामुळे. त्या शिक्षणाचं मी काय केलं असं गावात कोणी विचारलं तर सांगा, ती बिस्किटांचे पुडे वाचते. शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेला वेळ दुकानात उभी राहून बारीक अक्षरं वाचते. पुड्यावर लिहिलेलं असतं, "शेंगदाण्याचे अंश असू शकतात." असू शकतात म्हणजे आहेत की नाहीत? माझ्या विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं तर मी शून्य देते; कारखान्याला कोण देणार? म्हणून एर्नार पुड्यातलं काही खातच नाही. घरची भाकरी, घोड्याचं मटण, बटाटे, सफरचंदं, दही, भरडलेली बाजरी. त्याचं पोषण पूर्ण होतं का, या चिंतेने त्याचं वजन मी इतक्या वेळा करते, की परवा त्याने खेळण्यातल्या अस्वलालाही काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "आई, हाही वाळलाय."

पण आपल्याकडे मूल घरी कुठे जेवतं? मूल जेवतं लग्नात, बारशात, शेजारणीच्या ओसरीवर, बसमध्ये अनोळखी आजीच्या मांडीवर. मी त्याच्या कोटावर पट्टी शिवली : "कृपया मला काही खायला देऊ नका." पहिल्याच लग्नात एका बाईंनी ती मोठ्याने वाचली, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई, उपाशी ठेवतात की काय या लेकराला!" आणि दोन्ही मुठी भरून गोळ्या पुढे केल्या. त्यानंतर मी त्याच्यासाठी डबा नेऊ लागले. यजमानांनी तो अपमान समजला. (एका ठिकाणी यजमानीणबाईंनी माझा डबा उघडून वास घेतला आणि "आमच्यापेक्षा बरं काही नाहीये यात," असा निकाल दिला.) यजमान रागावले तर एकदाच रागावतात, श्वास थांबला तर तोही एकदाच, असा हिशेब करून मी डबा नेत राहिले.

खरी लढाई होती सरकितची, मेजवानीतून घरच्यांसाठी बांधून आणलेल्या घासांची. कुठल्याही मेजवानीहून सासूबाई पिशवी भरून सरकित आणल्याशिवाय परतत नाहीत, आणि त्यांची चूक कशी म्हणू? त्या अन्नावर वडीलधाऱ्यांनी हात पसरून आशीर्वाद म्हटलेला असतो. ते घरातल्या मुलांच्या तोंडी घालायचं, टाकायचं नाही, नाकारायचं नाही. तळलेले पिठाचे गोळे, मांसाचे तुकडे, मनुका आणि वेष्टन निघालेली चॉकलेटं, सगळी एकमेकांना चिकटलेली. मी दाराशीच पिशवी तपासू लागले, तेव्हा इमारतीतल्या बायका मला "सीमेवरची कस्टमवाली" म्हणू लागल्या. मग सासूबाई तस्करी करू लागल्या. गोळ्या बुटात निघाल्या, डोक्याच्या रुमालात निघाल्या, एकदा तर चष्म्याच्या डबीत, आणि चष्मा मात्र मेजवानीच्या घरी राहिला. मी हसत असे, मामा. तेव्हा हसण्यासारखं होतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या आत्येकडचे तोलेउखान आजोबा गेले. वय अठ्ठ्याण्णव, दात शाबूत. तुम्ही जाणताच, अशा माणसाच्या श्राद्धाच्या जेवणातलं सरकित म्हणजे काय : ते खाणाऱ्या मुलाला आजोबांचं आयुष्य लागतं. बायका एकमेकींना कोपर मारून पुढे घुसल्या म्हणे. सासूबाईंनी मला पिशवी दाखवली, मी तपासली, सगळं बाजूला ठेवलं. त्यांनी मान डोलावली. पण एक तुकडा त्यांनी मुठीत ठेवला होता, साधा, पांढरा, साखरेचा दिसणारा. त्यांना तो निर्धोक वाटला; आतला शेंगदाणा बाहेरून दिसत नव्हता. मी भात वैरत होते, तेवढ्यात त्यांनी तो एर्नारच्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव वर्षं जग, माझ्या बाळा."

पुढचं थोडक्यात लिहिते. तो आधी खोकला, मग त्याचा आवाज गेला, मग ओठ निळे पडले. मी मांडीत इंजेक्शन दिलं. (वर्षभर संत्र्यावर सराव केला होता, संत्रं असं बघत नाही.) रुग्णवाहिका आमच्या इमारतीऐवजी मागच्या इमारतीशी जाऊन उभी राहिली. शेवटी तळमजल्यावरच्या ल्युबोव काकू नाइटगाऊनमध्ये धावत जाऊन तिला ओढून आणल्यासारखं घेऊन आल्या. तो वाचला. आता खातो, पितो, भांडतो.

सासूबाई मात्र वाचल्या असं म्हणवत नाही. त्या नातवाला हात लावत नाहीत. हात धुतात, पुसतात, पुन्हा धुतात. बोटांना चिरा पडल्या आहेत. एर्नारला वाटतं आजी रुसली. तो त्यांच्या दाराशी जाऊन म्हणतो, "आजी, मी तुझ्यावर नाही रागावलो, तू पण नको ना," आणि आतून नळाचा आवाज येतो. अखेर परवा चहाच्या वेळी त्या बोलल्या. त्यांची पहिली मुलगी, अल्तिनाय, चार वर्षांची असताना एका लग्नात दगावली. त्यांनीच तिला अक्रोडाचा हलवा भरवला होता. तोंड सुजलं, आवाज गेला. लोक म्हणाले, दृष्ट लागली; मुलगी फार सुंदर होती. "पोरी," त्या मला म्हणाल्या, "दृष्ट बाहेरची नव्हतीच. माझ्या हातातच मरण आहे. मी ज्याच्या तोंडाशी हात नेते..." आणि त्या हात धुवायला उठल्या.

मामा, मी डॉक्टर नाही. अल्तिनायला काय झालं याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण मला ते माहीत आहे. ते सांगावं, तर "तुमच्याच घासाने ती गेली" असं सांगितल्यासारखं होतं. न सांगावं, तर त्यांचा हात जन्मभर शापित राहतो. मी दोन दिवस तोंड उघडून मिटते आहे. रसायनशास्त्रात याचं उत्तर नाही. मी पुस्तकं पाहिली.

असो. मामींना सलाम, लंगड्या घोडीला सलाम. थंडी वाढते आहे, छातीला फडकं बांधत जा. तुमच्या सावलीची आस असलेली,

अक्मारल

ता. क. भाचरांनी तीनदा मागितलेलं मामाला नाकारता येत नाही, ही आपली रीत तुम्ही पाळलीत. सात वर्षांची असताना मी शिंगरू मागितलं (आणि ते शिंकल्यावर परत केलं). दुसऱ्यांदा, बाबांची समजूत घालून मला शिकायला पाठवा, असं मागितलं. तिसरं मागणं राखून ठेवलं होतं, ते आज मागते : माझ्या मुलाला विकत घ्या. हे सासूबाईंनीच सुचवलं. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं मूल खिडकीतून दुसऱ्याला विकायचं, म्हणजे मरणाला पत्ता सापडत नाही. ("मरण दाराशी बसलेलं असतं, खिडकी त्याच्या ध्यानात येत नाही," असं त्या म्हणतात.) शिकलेली भाची हे लिहिते म्हणून तुम्ही हसाल. हसा. पण एर्नार तुमचा झाला, की तुमच्या परवानगीशिवाय त्याच्या तोंडात घास घालायची दोन्ही घराण्यांत कोणाची छाती नाही. माझी पट्टी कोणी मानली नाही. तुमचा शब्द मानतील. तो राहील आमच्याकडेच, फक्त असेल तुमचा. माझे पती तेलाच्या विहिरींवर कामाला आहेत, ते फोनवर म्हणाले, "आई म्हणते ते कर, तू म्हणतेस तेही कर."

ता. क. दुसरं : आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, हे रीत घालणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. ल्युबोव काकूंची तळमजल्यावरची खिडकी मागितली आहे. त्या म्हणाल्या, "विकायचाच आहे तर दारातून विका की, पडदे आत्ताच धुतलेत." पण देणार आहेत.

ता. क. तिसरं : पिशवीत तोलेउखान आजोबांचं सरकित आहे. आम्हाला ते घरात ठेवता येत नाही आणि टाकवतही नाही. सासूबाई म्हणतात, तुम्ही खा. विकत घेणाऱ्याने बरंच जगायला हवं. मात्र इकडे यायच्या आधी खाऊन संपवा, तोंड नीट धुवा, कोट झटका. आणि खिडकीतून तो तुमच्या हातात येईल, तेव्हा ते हात धुतलेले असू द्या. त्याच्या मागे खिडकीत सासूबाई असतील. "त्याला मामांच्या हाती तेवढं मीच देईन," असं त्या म्हणाल्या आहेत.